समीक्षाचे आजोबा

"रमाबाई, यंत्राले हात लावाल तं ज्याचं यंत्र त्या लेकराले बाजूले बसवून लावा."

नरहरी सर निवृत्त होऊन वर्ध्याला लेकाकडे गेले, त्या दिवशी संगणकाच्या खोलीची किल्ली आता संगणक शिकवणाऱ्या रमाबाईंच्या हातात ठेवताना एवढंच म्हणाले होते. मरोद्याच्या त्या शाळेत त्यांनीच एकेक संगणक गोळा करून खोली उभी केली होती.

रमाबाई नेमाच्या बाई. सकाळी तुळशीला पाणी आणि पोथीचा अध्याय, त्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. यंदा चातुर्मासात काय धरावं, म्हणून भजनी मंडळातल्या बायका विचारू लागल्या. कुणी मीठ सोडलं, कुणी वाती वळायला घेतल्या. रमाबाईंनी मनातल्या मनात संगणक धरले. शाळा सुटली की रोज एक यंत्र पुसायचं, त्यातलं जुनं झालेलं सॉफ्टवेअर नवं करायचं, मगच घरी जायचं. देवासमोर तसं बोलल्याही.

मंगळवारी खिडकीजवळच्या संगणकाची पाळी आली. तो समीक्षाचा. समीक्षा आठवीत, डोळ्यांना उजेड-अंधार तेवढा कळायचा. पडद्यावरचं सगळं तिला संगणक वाचून दाखवायचा, संथ, जरा घोगऱ्या पुरुषी आवाजात. तिने त्या आवाजाचं नाव 'आजोबा' ठेवलं होतं. त्या दिवशी ती शाळा सुटताच घरी गेली होती. रमाबाई क्षणभर थांबल्या; पण नेम मोडायचा कसा? त्यांनी वाचणारं सॉफ्टवेअर नवं केलं, पडदा पुसला आणि समाधानाने कुलूप लावलं.

बुधवारी समीक्षाने बटणं दाबली आणि मान झटकन वर केली.

"मॅडम, ही कोण बाई आहे?"

"कोणती गं?"

"ही तं मिनीबसच्या कंडक्टरवानी बोलून राहिली! सुपेला-सुपेला-सुपेला, चढो जल्दी! काहीच समजत नाही मले. आजोबा कुठी गेले?"

वर्ग खो खो हसला. समीक्षाही हसली, पण तिची बोटं बटणांवर घुटमळत राहिली. रमाबाईंनी धावत येऊन पाहिलं. नव्या सॉफ्टवेअरने जुना आवाज आपल्याशी जुळत नाही म्हणून बंद करून टाकला होता. त्या आवाजाची नवी आवृत्ती इंटरनेटवरून उतरवावी लागणार होती, आणि शाळेचं इंटरनेट सकाळपासून गेलेलं.

दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, पहिल्या तासाला संगणकाचं प्रात्यक्षिक होतं.

मुख्याध्यापिका मृणाल मॅडम म्हणाल्या, "एवढं काय त्यात? कुणीतरी तिच्या शेजारी बसेल. ती सांगेल, ते करेल."

समीक्षाने हात मांडीवर घेतले. "नको मॅडम. घरी जेवाले वाढते तं कोणी, चप्पल देते तं कोणी. एवढं एकच मी माझ्या हातानं करतो. तेही दुसऱ्याच्याच हातानं करायचं असन, तं मी येतच नाही उद्या."

रमाबाईंनी नेम पाळला होता, आणि किल्लीबरोबर नरहरी सरांनी सांगितलेली गोष्ट तेवढी त्या विसरल्या होत्या.

त्या समीक्षाजवळ बसल्या. "बाळा, माझ्याच हातून झालं हे. तुला न विचारता केलं."

"कावून केलं पण?"

"नेम होता माझा."

समीक्षाने विचार केला. "मंग देवानं तरी सांगाचं ना तुमाले, पोरीले विचार म्हणून."

"सांगितलं होतं," रमाबाई हळूच म्हणाल्या. "मीच ऐकलं नाही. उद्या वर्ग भरायच्या आधी आजोबा बोलतील. येशील ना?"

"बोलले तं येईन."

संध्याकाळी घरच्या इंटरनेटवर त्यांनी तो आवाज उतरवून पेन ड्राइव्हवर घेतला आणि आपल्या लॅपटॉपवर लावून पाहिला. घोगरा, संथ. तोच. हायसं वाटलं. मग लक्षात आलं, बोलायचा वेग किती, मध्ये थांबायचं किती, हे समीक्षाने दोन वर्षांत आपल्या कानाप्रमाणे बसवलं होतं. ते काही पेन ड्राइव्हवर येत नाही. ते तिलाच ठाऊक.

सकाळी त्यांनी तुळशीला पाणी घातलं. पोथी उघडली, घड्याळाकडे पाहिलं, आणि पानात मोरपीस ठेवून मिटली. कारखान्यातल्या पहिल्या पाळीसाठी बूट चढवत असलेले त्यांचे यजमान आनंदराव बघतच राहिले.

"हे काय? आज देवाला सुट्टी?"

"देवाला कशाची सुट्टी? तेही निघालेत माझ्याबरोबर."

"आणि अध्याय?"

"संध्याकाळी वाचीन. रागावायचे नाहीत ते."

"शाळा तर अजून उघडलीसुद्धा नसेल."

"किल्ली आहे माझ्याकडे."

पेन ड्राइव्ह त्यांनी रुमालाच्या गाठीत बांधून पर्समध्ये ठेवला. काल मंडळात मिळालेल्या प्रसादाचे दोन पेढे डब्यात घातले. स्कूटी काढली. चौकात आल्यावर शाळेचा रस्ता डावीकडे होता. रमाबाईंनी उजवीकडचा दिवा लावला, समीक्षाच्या घराकडे. ती दारात वेणी घालून घेत असेल; तिच्या आईला, ममताला, तिला आज आपल्याबरोबर जरा लवकर सोडायला सांगायचं होतं.