माझा हिरवा काठ

मी एक जुनी पत्र्याची बादली आहे, मित्रांनो. सांडपाणी स्वच्छ करतात त्या केंद्रात मी कामाला आहे. नाक मुरडू नका, आधी ऐका.

घराघरांतलं घाण पाणी आमच्याकडे येतं. पाणी निवळून पुढे जातं आणि खाली गाळ उरतो. तो वाळवून, लाकडाचा भुसा मिसळून त्याचे ढीग लावतात. ढीग आतून इतका तापतो की रोगाचे जंतू मरतात. मग तो महिनोन्महिने मुरतो आणि त्याचं काळंभोर, भुसभुशीत खत होतं. ही सगळी देखरेख करणाऱ्याला सारे ढीगदादा म्हणत. त्याने बायको केली नाही, ढीगच केला, अशी त्याची थट्टा चाले.

कच्च्या गाळाच्या बादलीचा काठ लाल आणि मुरलेल्या खताच्या बादलीचा हिरवा, असा आमचा नियम. माझा काठ हिरवा. त्याचा मला केवढा तोरा! पुढे रंग उडाला. "मला ओळखू येतात की माझ्या बादल्या," म्हणत ढीगदादाने तो पुन्हा दिलाच नाही.

एका गडबडीच्या दिवशी त्याने माझ्यातून कच्चा गाळ वाहिला. संध्याकाळी मला नुसतं झटकलं आणि मुरलेलं खत भरून बहिणीच्या परसात नेलं. तळाशी ओला गाळ चिकटलेला मला जाणवत होता. पण बादलीला बोलता कुठे येतं? खत वाफ्यात पडलं आणि मी तिथेच भिंतीशी उपडी राहिले.

गाजरं अशी फोफावली की बहीण शेजारणींना बोलावून वाफा दाखवी. गाजरं काढायच्या दिवशी ढीगदादा आला. पाणी भरायला त्याने मला उचललं आणि तळाची वाळलेली पोपडी पाहून त्याचा चेहराच पडला. तोवर भाचीने धुतलेलं गाजर तोंडाशी नेलं होतं.

"ठेव ते खाली!" तो ओरडला.

"अरे दादा, पोरीवर काय खेकसतोस?" बहीण म्हणाली. "स्वतःच्याच खताची किळस आली की काय?"

तो घुटमळला. गप्प बसला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. कदाचित काही झालंही नसतं.

"खत चांगलंय गं. बादली मी धुतली नव्हती. आत कच्चा गाळ होता. इतकंच झालं."

"इतकंच? मी तुझ्या भरवशावर पोरीसाठी पेरलं होतं, दादा."

तिने एकेक गाजर उपटून माझ्यात टाकलं. भाचीनेही हातातलं टाकलं. इतकं देखणं ओझं मी कधी वाहिलं नव्हतं आणि इतकी शरमही मला कधी वाटली नव्हती.

त्याच दिवशी ढीगदादाने माझा काठ रंगवला. लाल. आता मी कच्चा गाळ वाहते, आणि माझी तक्रार नाही. हिरव्या काठाची नवी बादली तो घासूनपुसून, खत भरून तयार ठेवतो. बहिणीने अजून ते मागितलेलं नाही.

मित्रांनो, आमच्या खताला नावं ठेवू नका. पण रंग उडालेली बादली दिसली, तर कामाआधी विचारा, ही कशाची? मला विचारता आलं नाही. तुम्हाला येतं.