शनिवारचा आकडा

पुंडलिकने बायकोच्या दंडाला पट्टा गुंडाळला, स्टेथोस्कोपच्या नळ्या कानांत घातल्या आणि रबरी फुगा दाबायला सुरुवात केली. काट्याकडे तो असा डोळे वटारून बघत होता, जणू पुष्पलताच्या दंडात नाही तर कारखान्याच्या बॉयलरमध्येच वाफ चढते आहे. बोईसरच्या कारखान्यात अठरा वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस तो. काटा दिसला की त्याची मान आपोआप ताठ व्हायची.

सुस्कारा टाकत हवा उतरली.

“एकशे तीस, ऐंशी,” त्याने जाहीर केलं आणि वहीत लिहिलं. “ठणठणीत हायस.”

“मंग डोकं का गरगरतं?”

“उपाशीपोटी चार बादल्या पाणी वाहतेस. गरगरणारच.”

तो पहिल्या पाळीला निघून गेला. पुष्पलता मात्र पार गोंधळून गेली होती. दवाखान्यात बीपी दोनदा एकशे ऐंशीच्या वर भरलं होतं. काहींचं डॉक्टरला बघूनच वाढतं, असं म्हणून डॉक्टर हसले होते. दोन आठवडे घरी मोजा, लिहून आणा, घरी बरं भरलं तर गोळी नको, म्हणाले होते. म्हणून तर पुंडलिकने हौसेने हे यंत्र आणलं. आता भाकरी थापताना परात डोळ्यांपुढे फिरायची, कानशिलं ठणकायची, आणि वही म्हणायची, बाई ठणठणीत आहे. खोटं कोण बोलतंय, यंत्र की आपलं अंग? आपणच नाटकं करतो की काय, असं वाटून तिला स्वतःचीच लाज वाटू लागली होती.

तिने वही उघडली. शुक्रवार, एकशे तीस, ऐंशी. त्याखाली शनिवार, एकशे तीस, ऐंशी. त्याखाली रविवारसुद्धा तसाच.

आपलाच वार चुकला असेल, म्हणून तिने शेजारच्या जमुनाला हाक मारून विचारलं. शुक्रवारच होता.

दुपारी पुंडलिक जेवायला बसला तेव्हा तिने वही त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

“शनिवारचा आकडा आज कसा आला?”

त्याचा घास हातातच राहिला. “कारखान्यात पण तसंच भरतो आमी. काटा हलत नाय, मंग चार तासांचं एकदम लिवून टाकायचं. सगलेच लिवतात.”

“मी बॉयलर हाय का?”

तो भांडेल असं तिला वाटलं होतं. त्याने घास ताटात ठेवला.

“पट्ट्याची हवा सोडताना नळीत टकटक ऐकू यायला पायजे. ती सुरू होते तो वरचा आकडा, थांबते तो खालचा. मला ती ऐकूच येत नाय, पुष्पा. पहिल्या दिवसापासनं नाय. वाफेच्या आवाजानं कान गेले, मोठं बोललेलं तेवढं कलतं.”

“मंग बोलायचं ना!”

“हेच डॉक्टर पुढल्या महिन्यात कारखान्यात कामगारांच्या तपासणीला येणार. त्यांना कललं तर बॉयलरवर कोण ठेवील मला?”

पुष्पलताला संताप आला. तेरा दिवस तिचं डोकं फिरत होतं आणि हा माणूस मनचे आकडे लिहीत बसला होता. त्याच वेळी त्याची कीवही आली. भांडावं की रडावं ते तिला कळेना. तिने त्याच्या ताटात आमटी वाढली.

रविवारी डॉक्टरांनी तिच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे नव्वद, एकशे दहा. त्यांनी वही चाळली, भुवया चढवल्या.

“घरी मात्र रोज एकच आकडा? कोण मोजतं?”

पुंडलिक चपलांकडे बघू लागला.

“मीच,” पुष्पलता म्हणाली. “मला ती टकटक ऐकूच येत नाय. चांगला आकडा हाच, असं ठाऊक होतं, तोच लिवत गेले. वही खोटी हाय, डॉक्टरसाहेब.”

डॉक्टर चांगलेच रागावले. जीवाशी खेळ आहे हा, म्हणाले. वही बाजूला सारून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, आजपासून रोज एक. मग लेखणी ठेवून तिच्याकडे निरखून पाहिलं.

“ऐकू येत नाही? कधीपासून?”

उत्तराची वाट न बघता ते उठले, तिच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “पुष्पलताबाई, पाणी हवंय का?”

तिच्या घशाला कोरड पडली होती. समोरच्या भिंतीवर गुटगुटीत बाळाचं चित्र होतं. त्यावरून तिने नजर हलू दिली नाही.