वाळू खाली येईपर्यंत

आई गेल्यावर मस्तगडातला तिचा फिजिओथेरपीचा दवाखाना मी चालवू लागले आणि पहिला बदल केला तो पट्टीचा. गुडघ्याभोवती बांधायची, आत सेन्सर असलेली पट्टी. पेशंट घरी व्यायाम करतो का, गुडघा किती वाकतो, सगळं माझ्या मोबाइलवर दिसतं. आई हे हाताने ओळखायची. माझ्या हाताची मला तेवढी खात्री नव्हती.

चंचलकाकू आईच्या जुन्या पेशंट आणि मैत्रीणही. त्यांचा गुडघा झिजलेला. दिवाळीपर्यंत सूज उतरली नाही तर ऑपरेशन, असं सर्जनांनी सांगितलेलं. काकूंना ते नाव ऐकायलाही नको होतं.

मोबाइलवर त्यांचा व्यायाम उत्तम दिसत होता. गुडघा मात्र सुजलेलाच.

"तुझी पट्टी माझी तारीफ करून राह्यली, अन् गुडघा शिव्या देऊन राह्यला," त्या म्हणाल्या.

रोज सकाळी आलेख काही वेळ कोरा असायचा. मी ती आंघोळीची वेळ धरली होती. एक दिवस नेमकी त्याच वेळी त्यांच्या घरी गेले. सून कनिकाने दार उघडलं. पट्टी टेबलावर, चहाच्या ट्रेशेजारी पडलेली.

"मम्मीजी सामायिकात बसल्यात," ती हळूच म्हणाली.

आतल्या खोलीत काकू जैन रीतीप्रमाणे तोंडाला कापडी मुहपत्ती बांधून ध्यानाला आसनावर बसल्या होत्या, जमिनीवर, मांडी घालून. समोर वाळूचं घड्याळ. वाळू पूर्ण खाली आल्यावरच त्या उठल्या. भिंतीला धरून, ओठ दाबून.

"काकू, पट्टी का काढली?"

"बिजली आहे ना तिच्यात. सामायिकात बिजलीला हात लावत न्हाई आम्ही."

"आणि मांडी? आई तुम्हाला अशी बसू देत होती?"

"दैवशाला? तुझ्या आईनं तर ती खुर्ची ठेवायला लावल्ती. तिच्यावर आसन टाकून बसायची मी."

कोपऱ्यात वेताची खुर्ची होती, तोंड भिंतीकडे फिरवलेली.

"मग आता काय झालं?"

"माझं सामायिक झालं की ती यायची. त्याच खुर्चीत चहा प्यायची. आता न्हाई बसवत मला तिच्यात." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू बसतीस का दवाखान्यात तिच्या खुर्चीत?"

त्या खुर्चीवर मी पर्स ठेवते. लिहिते उभ्यानेच.

"नाही."

"मंग माझ्यावर का रागावून राह्यली?"

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले. खुर्ची फिरवली, पुसली, तिच्यावर आसन अंथरलं. काकू बघत राहिल्या.

"अन् तू?"

"मी खाली बसते, तुमच्याजवळ."

"मंग मोबाइल बाहेर ठेव. वाळू संपेपर्यंत बोलायचं न्हाई, उठायचं न्हाई."

"बरं."

"अन् रडायचं बी न्हाई."

"ते आताच कसं सांगू?"

"मला बी सांगता येत न्हाई," म्हणत त्यांनी खुर्चीचा हात धरला, क्षणभर थांबल्या आणि बसल्या.

मोबाइल आणि पट्टी मी कनिकाकडे दिली. काकूंनी मुहपत्ती बांधण्याआधी त्यांच्या गुडघ्यावर मी तळहात ठेवला. गुडघा गरम होता. फार नाही. कालच्यापेक्षा कमी की जास्त, हे मला सांगता आलं नाही. काल मी हात लावलाच नव्हता. उद्या सांगता येईल.

काकूंनी घड्याळ उलटं केलं.