दोन तारांचं भूत

रंगाच्या कारखान्यातल्या कंट्रोल रूममध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. भूत उतरवायला आणलेल्या बाबांनी हात उंचावला, "निघ!" म्हणून गरजले, आणि पडद्यावरचे सगळ्या टाक्यांचे आकडे एका दमात गायब! "शांत हो!" म्हणताच आकडे परत आले. मॅनेजरसाहेबांनी हात जोडले.

"भूत या बाईमागे आहे," बाबांनी वहिनींकडे बोट दाखवलं. "नवरा गेला, पण जागा सोडत नाही. हिला घालवा."

नवरा वारल्यावर आम्हा सगळ्यांच्या वहिनी इथं त्याच्याच खुर्चीवर काम करत होत्या. हल्ली त्यांच्याच पाळीत आकडे अधूनमधून जात, हे मात्र खरं.

"आमचे हे जिवंतपणी कुणाची खोडी काढत नव्हते," वहिनी ताडकन म्हणाल्या, "मेल्यावर काढतील? मी उठणार नाही."

कारखान्यातले मीटर सांभाळणारी इंजिनिअर मी. बाबांचा शिष्य दरवेळी पाणी शिंपडायला बाहेर जातो, हे मी पाहिलं होतं.

"बाबा, पुन्हा करा. शिष्य मात्र इथंच बसेल."

"शक्ती थकली आहे."

"एवढ्यात? भूत तर ताजंतवानं दिसतंय!"

लोक हसले. वहिनींनी शिष्यापुढे खुर्ची सरकवली. "बस रे बाबा."

बाबा गरजले, घसा बसेपर्यंत गरजले. आकडा हलेल तर शपथ!

"इथं अश्रद्धा आहे!"

"नाही, इथं तुमचा शिष्य आहे."

वहिनींना पडद्यासमोर बसवून मी बाकी सगळ्यांना बाहेरच्या तारांच्या पेटीपाशी नेलं. पेटीत धातूचा एक चिमटा पडला होता. "सगळे मीटर या दोनच तारांवरून बोलतात. तारा एकमेकींना जोडल्या, की सगळ्यांची बोलती बंद." मी चिमटा लावला. खोलीतून वहिनी ओरडल्या, "गेले!" काढला. "आले!" बाबांची गर्जना भुतासाठी नव्हती, शिष्यासाठी होती.

"मग एरवी हिच्याच पाळीत आकडे का जातात?" साहेबांनी विचारलं.

"नवा पंप त्याच पाळीत चालतो. त्याची विजेची केबल या तारांना खेटून टाकलीय. बँडबाजाशेजारी कुजबुज ऐकू येईल का? केबल हलवा म्हणून मी कानीकपाळी ओरडत होते. तुम्ही बाबा आणलात."

सगळे आत परतल्यावर साहेब वहिनींना बाजूला नेऊ लागले. त्या हलल्या नाहीत. "आरोप चारचौघांत झाला, माफीही इथंच मागा."

साहेबांनी मागितली. केबल हलवली, आकडे स्थिरावले, आणि त्या खुर्चीवर आजही वहिनीच बसतात.

चमत्कारापुढे हात जोडण्याआधी एवढंच म्हणा: "आता माझ्या अटीवर करून दाखव." खऱ्याला त्याची भीती नसते.