हवेचा स्क्रू

मिल बंद पडल्यावर दिवाकर आणि श्रीराम या दोघांनी स्नेहलतागंज मोहल्ल्यात शेजारीशेजारी स्कूटर दुरुस्तीची दुकानं टाकली. मागांच्या खडखडाटात श्रीरामचे कान गेले होते, म्हणून तो सीटवर तळहात टेकवून इंजिनाच्या थरथरीवरून कार्बोरेटर लावायचा. दिवाकरचे कान शाबूत होते, तरी गिऱ्हाईक बहिऱ्याकडेच. दिवाकरचा रोज जळफळाट व्हायचा.

एका सकाळी शैलजाबाईंची स्कूटर चालूच ठेवून श्रीराम कोपऱ्यावर पोहे आणायला गेला. दिवाकर हळूच शिरला. कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू बिघडवला की बाईंसमोर याची फजिती, आणि गिऱ्हाईक आपलं! त्याने अर्धा फेरा फिरवला. इंजिन भकभकलं. ते काही त्याच्या कानांना सोसवेना. त्याने स्क्रू थोडा मागे घेतला, मग पुन्हा केसभर पुढे. इंजिन इतकं एका सुरात घुमू लागलं की तो ऐकतच राहिला. मग पळाला.

श्रीराम परतल्यावर शैलजाबाई स्कूटरवर चक्कर मारून आल्या. "क्या बात है, श्रीरामजी! अशी मक्खन तर नवीन असतानाही चालत नव्हती."

श्रीराम ओठ वाचून लाजला. "हाताचा गुण, बस."

"काय दिवाकरजी, खरं ना?" शैलजाबाईंनी शेजारच्या दुकानाकडे वळून विचारलं.

"हात उत्तमच आहे," दिवाकर म्हणाला आणि आपला काळा झालेला हात त्याने खिशात घातला.