जळण्याची नोकरी

मित्रांनो, मी एक जुना फ्यूज आहे. चिनी मातीचा, पांढरा, एका कोपऱ्यावर टवका उडालेला. तुमच्यापैकी कित्येकांनी मला पाहिलेही नसेल, कारण हल्ली माझ्या जागी छोटी छोटी बटणे बसतात. माझे काम अगदी सोपे आहे. वेळ आली की जळायचे. माझ्या पोटात एक बारीक तार असते आणि खोल्यांकडे जाणारी सगळी वीज त्या तारेतून जाते. विजेचा भार वाढला की आधी ती तार वितळते, वीज थांबते आणि भिंतीतल्या तारा सुखरूप राहतात. नवी तार घातली की मी पुन्हा कामाला हजर. एवढे साधे काम, पण सहा वर्षे मला ते करता आले नाही. त्या सहा वर्षांत माझे कौतुक मात्र खूप झाले.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यातून काढले तेव्हा मी ओला आणि राखाडी होतो. भट्टीत भाजून निघालो तेव्हा पांढराशुभ्र झालो, आणि खोटे कशाला बोलू, थोडा गर्विष्ठही झालो. मग कोणीतरी माझ्या दोन्ही टोकांना पितळेचे स्क्रू बसवले. बारा भावंडांबरोबर कागदाच्या खोक्यात बसून मी दुकानात आलो आणि तिथून एका वायरमनच्या पिशवीत पडलो.

त्या वायरमनला सगळे हळूमामा म्हणत. नाव अगदी शोभणारे होते. मामा शिडीवर चढायला लागले की खाली बसलेल्या माणसाचा चहा पिऊन व्हायचा. बोर्डाला हात लावताना त्यांचा डावा हात नेहमी खिशात असे. लोकांना वाटे, ही मामांची ऐट आहे. पण मामांचे म्हणणे असे, की चुकून झटका बसलाच तर तो एका हातातून छातीत आणि छातीतून दुसऱ्या हातात जाऊ नये. एखादी वस्तू तापली आहे का हे ते हाताच्या पाठीने बघत. तळहाताने धरले आणि नेमकी त्यात वीज असली, तर बोटे आवळली जातात आणि सुटता सुटत नाहीत.

मामांनी मला एका घराच्या अरुंद वाटेत, मीटरखालच्या लाकडी बोर्डावर बसवले. माझ्या शेजारी माझ्यासारखाच दुसरा फ्यूज होता. तो स्वयंपाकघराची वीज सांभाळायचा, मी बाकीच्या दोन खोल्यांची. समोरच्या दारातून मला आतली खोली अर्धी दिसे. आयुष्यभर एकाच जागी बसायचे असेल तर समोर बघायला काहीतरी असावे लागते, आणि मला ते मिळाले होते.

घराचे मालक तेव्हा तरुण होते. टपाल कार्यालयात पत्रे वेगळी करायचे. पुढे त्यांचे आबा झाले, मुलगा मोठा झाला, घरात सून आली, नात आली. आबांचा एक स्वभाव होता: काहीही टाकायचे नाही. खिळे, स्क्रू, तुटक्या घड्याळाचे पट्टे, वायरींचे तुकडे, सगळे एका पत्र्याच्या डब्यात जायचे. घरात काही मोडले की आबा डबा घेऊन बसत आणि कुणाला बोलावल्याशिवाय ते दुरुस्त करत. त्यात त्यांना फार आनंद वाटे, आणि खरे तर दहापैकी नऊ वेळा ती वस्तू चालूही व्हायची.

सुरुवातीची वर्षे मी वर्षातून एकदा-दोनदा जळायचो. आबा मेन स्विच बंद करून मला ओढून काढत, कार्डावर गुंडाळलेली फ्यूजची तार तोडून माझ्या स्क्रूंना बांधत आणि मला परत बसवत. पण सुनेने घरी इस्त्रीची कामे घ्यायला सुरुवात केली आणि माझी झोप उडाली. तिला बाहेरच्या खोलीत टेबलापाशी प्लग हवा होता. आबांनी आतल्या खोलीतल्या जुन्या प्लगच्या खळग्यातून तार जोडून बाहेर नेली. जोडाला पीळ दिला, वर काळी टेप गुंडाळली, खळग्यावर लाकडी झाकण ठोकले आणि त्याला भिंतीचाच रंग दिला. काम इतके सुबक झाले, की महिन्याभरात तिथे काही होते हेच सगळे विसरले. पुढे नातीची खाट त्याच भिंतीला लागली.

इस्त्री जड होती. तिच्या जोडीला हिवाळ्यात खोलीतला हीटर लागला की मी हमखास जळायचो. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. मुलाची अर्धी दाढी व्हायची राहून जाई. आबांच्या डोळ्यांत साबण असताना अंधार होई. सुनेच्या हातात शेजाऱ्यांचा शर्ट अर्धा चुरगळलेला राहून जाई. सगळे हात धुऊन माझ्या मागे लागले होते.

"या फ्यूजला काही दमच नाही," मुलगा म्हणायचा.

मला वाईट वाटायचे. मी एवढे ओरडून सांगत होतो की या तारांवर भार जास्त होतोय, पण फ्यूजला ओरडायची एकच रीत ठाऊक, आणि तिलाच लोक बिघाड म्हणतात.

एका रविवारी आबांनी डबा उघडला. बंद पडलेल्या टेबलपंख्याची वायर त्यांनी सोलली, आतल्या तांब्याच्या सगळ्या तारांना मिळून पीळ दिला आणि ती जाडजूड दोरी माझ्या पोटात घट्ट बसवली.

"एक तार टिकत नाही ना? आता बघू कशी जाते ते," आबा म्हणाले.

मी खरेच गेलो नाही. इस्त्री चालली, हीटर चालला, दोन्हींच्या जोडीला पाणी तापवायची कांडी चालली. सुनेने आबांना चहा केला. मुलाने चारचौघांत सांगितले की आमच्या आबांनी फ्यूज सुधारला. पाहुणे आले की आबा त्यांना माझ्यापुढे उभे करायचे. मी तापायचो, माझ्या पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग पडले, स्क्रूंना वास यायला लागला, आणि लोक मला शाबासकी देत होते. मित्रांनो, न केलेल्या कामाची शाबासकी फार जड असते. मला जळायचे होते आणि जळता येत नव्हते.

असे करता करता सहा वर्षे गेली आणि नातही सहा वर्षांची झाली. तिला त्या खाटेवरची एक जागा फार आवडायची. ती उशी तिथेच लावायची आणि आपली कापडी बाहुली भिंतीला टेकवून बसवायची. "इथे ऊब आहे," ती म्हणायची. घरच्यांना वाटे, पलीकडून ऊन लागत असेल. गादीच्या कडेला एक तपकिरी डाग पडला होता. सुनेने तो चहाचा समजून दोनदा घासला. कधीकधी जळक्या रबरासारखा वास यायचा, तेव्हा खिडकी लावून घेत आणि खालच्या गल्लीतल्या लोकांना नावे ठेवत. मी समोरून सगळे बघत होतो. माझ्यातून केवढी वीज त्या भिंतीकडे चालली आहे, हे फक्त मला कळत होते. त्या पोरीने भिंतीला पाठ टेकली की माझा जीव टांगणीला लागायचा.

मग दाराची घंटा बिघडली. आबांनी दोन दिवस खटपट केली, आणि दहापैकी ती दहावी वेळ निघाली. नाइलाजाने त्यांनी हळूमामांना बोलावले. मामा आता म्हातारे झाले होते आणि आणखी हळू झाले होते. बोर्डापाशी येऊन त्यांनी डावा हात खिशात घातला, मेन स्विच बंद केला, आणि उजव्या हाताची पाठ सहज माझ्यावर ठेवली. ठेवली ती काढलीच नाही.

"आबा, हा तापलाय."

"उन्हाळा आहे, मामा."

मामांनी हात शेजारच्या फ्यूजवर ठेवला. "याला उन्हाळा लागत नाही वाटतं?"

मला ओढून काढून त्यांनी माझे पोट बघितले. आबा छाती फुगवून म्हणाले, "सहा वर्षं झाली. एकदाही गेला नाही."

"ही तार वितळायची नाही," मामा म्हणाले. "मग दुसरं काय वितळतंय, ते शोधायला हवं."

ते आतल्या खोलीत गेले आणि हाताची पाठ भिंतीवरून फिरवू लागले. आधी दारापाशी, मग दिव्याच्या बटणाखाली. नात खाटेवर बसून त्यांची गंमत बघत होती. त्यांना काहीतरी सापडत नाही, एवढे तिला समजले आणि तिने मदत करायचे ठरवले.

"मामा, तिथे नाही. ऊब इकडे आहे, माझ्या बाहुलीमागे."

मामांनी हात लावून बघितला आणि जन्मात पहिल्यांदा घाई केली. पोरीला उचलून सुनेकडे दिले, खाट ओढली, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने रंग खरवडून झाकण उचकटले. झाकणाची आतली बाजू कोळसा झाली होती. टेप जळून गेली होती, वायरीवरचे आवरण हात लावताच भुग्यासारखे गळून पडले आणि उघडी तार दिसली. तिच्यापासून गादीची कड चार बोटांवर होती.

सून खाली बसली. नात आता मांडीवर मावत नव्हती, तरी तिने तिला मांडीवर घेतले.

"हा जोड माझा आहे," आबा म्हणाले. त्यांना कोणी विचारले नव्हते. "झाकणही मीच ठोकलं. आणि तो फ्यूज पण."

"आबा, प्लग मीच मागितला होता," सून म्हणाली.

"तू प्लग मागितलास. वायरमनला बोलाव, असंही म्हणाली होतीस. मीच म्हटलं, कशाला." ज्या हातांनी आबांनी तो पीळ दिला होता, त्या हातांकडे ते कितीतरी वेळ बघत राहिले.

मामांनी त्यांना बोल लावला नाही. एवढेच म्हणाले, "जोड सुबक आहे हो. पण विजेला सुबकपणा कळत नाही. तिला घट्टपणा लागतो आणि बेताचा भार लागतो." मग त्यांनी तो जोड तिथेच तोडून टाकला, माझ्या पोटातली जाड दोरी काढली आणि फक्त दिवे-पंखे चालतील इतकी बारीक तार घातली. भिंतीतल्या सगळ्या वायरी बदलायच्या, इस्त्रीला थेट बोर्डापासून वेगळी लाइन ओढायची, तोवर या खोल्यांत दुसरे काही लावायचे नाही, असे बजावून ते गेले. दुसऱ्या दिवशी कामाला येणार होते.

मला हलके वाटत होते. सहा वर्षांनी मी पुन्हा फ्यूज झालो होतो. आणि लगेच माझी परीक्षाही झाली. मुलगा रात्री उशिरा परतला होता, आणि त्याला सांगायचे सगळ्यांच्याच डोक्यातून निसटले. सकाळी कामावर जायच्या घाईत त्याने शर्टासाठी इस्त्री घेतली आणि आतल्या खोलीतल्या दुसऱ्या प्लगला लावली. त्याने बटण दाबले, आणि मी जळलो. केवढे सुख झाले म्हणून सांगू! सगळे गार आणि शांत.

"गेला परत," मुलगा आतून म्हणाला. "आबा, तुमची ती जाड तारच बरी होती."

आबा वाटेत आले. त्यांनी मेन स्विच बंद केला आणि मला काढून तळहातावर घेतले. माझी तार मधोमध वितळून तुटली होती आणि तिथे काळा डाग पडला होता. नात त्यांच्या धोतराला बिलगून वर बघत होती.

"आबा, हा बिघडला का?"

"नाही गं," आबा म्हणाले. त्यांनी डोळे पुसले आणि मला अंगठ्याने हळूच गोंजारले. "बिघडला होता. आज बरा झाला."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली खरी शाबासकी ती. बाकीच्या मला नको होत्या.

पुढे पाच दिवस मामा आपल्या चालीने काम करत राहिले. नव्या वायरी आल्या, इस्त्रीची वेगळी लाइन आली, जाड पिनेच्या प्लगांना जमिनीत जाणारी अर्थिंगची तार आली. माझ्या जागी आपोआप पडणारे बटण बसले. मला मुळीच राग आला नाही. ते बटण माझेच काम करते, फक्त त्याच्या पोटात पंख्याची वायर कोंबता येत नाही. मी आता खिडकीत असतो. नात दुकान-दुकान खेळते तेव्हा मी कधी साबण होतो, कधी लोण्याचा तुकडा. तिची खाट दुसऱ्या भिंतीला आहे. ती भिंत गार आहे, अशी तिची तक्रार असते, आणि ती तक्रार ऐकायला मला फार आवडते.

तुमच्याकडे एकच मागणे आहे. घरातली वीज अचानक गेली तर फ्यूजवर किंवा बटणावर चिडू नका. भिंत कोमट लागली, प्लग काळा पडला, रबर जळल्याचा वास आला, तर लगेच मोठ्यांना सांगा आणि जाणत्या वायरमनला बोलवायला लावा. सांगायला लाजू नका. आमच्या घरी हे सहा वर्षांच्या मुलीला कळले, बाकी सगळ्यांना उशीर झाला होता.

ते नवे बटणही अधूनमधून पडते. तेव्हा आबा उठून बोर्डापाशी जातात आणि घरभर ऐकू जाईल असे विचारतात, "कोणी काय लावलं?" उत्तर मिळेपर्यंत ते बटणाला हात लावत नाहीत. परवा संध्याकाळी उत्तर मिळायला दहा मिनिटे लागली. सगळे घर अंधारात बसून राहिले, आणि कोणीही कुरकुर केली नाही.