तेरा खाटांचे आकडे

"सिस्टर, घंटांवर विसंबू नका," काका दारातूनच म्हणाले. तीन जिने चढून त्यांना धाप लागली होती.

"आत्ताच तर फोन केलात, चालू झालं म्हणून."

"चालू आहे. पण आकडे गेले. माझ्या हातून."

काका दवाखान्याचा सर्व्हर सांभाळत. आज त्यावर नवी आवृत्ती चढवायची होती. जुन्या सेटिंग्ज ठेवायच्या का, असं पडद्यानं विचारलं, तेव्हा त्यांनी 'नको' दाबलं. आधी नक्कल काढायची, जुनं मुळासकट काढायचं, नवं बसवून नक्कल परत घालायची, ही त्यांची तेवीस वर्षांची रीत. फक्त आज नक्कल त्यांनी जुन्याच्याच फोल्डरात ठेवली होती. जुन्याबरोबर तीही पुसली गेली, आणि हे कळलं ते वर फोन करून झाल्यावर.

कोणाची नाडी किती खाली गेली की खाटेजवळच्या मशीननं घंटा वाजवायची, ते त्या सेटिंग्जच्या फायलीत होतं. आता साऱ्या खाटांना कंपनीचा एकच आकडा लागला होता, चाळीस. ज्याची पन्नासला वाजायला हवी, त्याचीही चाळिसापर्यंत वाजणार नव्हती.

पाचसहा आकडे काकांना आठवत होते. बाकीचे अंदाजानं भरले असते, तर कुणाला पत्ता लागला नसता. 'म्हाताऱ्याला झेपत नाही,' असंही कुणी म्हणालं नसतं. हा विचार आला आणि त्यांना स्वतःचीच भीती वाटली. लॅपटॉप उचलून ते जिन्याकडे पळाले.

मोठ्या सिस्टरांनी केसपेपरांचा गठ्ठा पुढे ओढला. "तुमची खरडपट्टी नंतर. मुलींनो, एकेकीनं दोन खाटा धरा. केसपेपर मी वाचते." सहा नर्स, तेरा खाटा. "काका, नऊ नंबरच्या आजींपाशी बसायला कुणी उरत नाही. तुम्ही मनगट धरा."

"मला नाडी कळत नाही हो."

"ठोका लागतो तो कळेल. थांबला तर हाक मारा."

लॅपटॉप मांडीवर, डाव्या हातात म्हातारीचं मनगट, उजव्या हाताचं एक बोट आकड्यांवर.

"एक नंबर, पन्नास. दोन, पंचेचाळीस. झालं का?"

"झालं."

"एवढं घट्ट का धरलंय? घाबरलात?" म्हातारी म्हणाली. "पेशंट मी आहे ना?"

"भीती वाटते, आजी."

"कुणाची?"

"तुमची."

सातव्या आकड्याला ठोका सापडेना. हाक मारायला काकांनी मान वळवली. त्यांनी बोटं जरा वर सरकवली, दाबली. सापडला.

तेरावा आकडा भरून झाला. सिस्टरांनी प्रत्येक खाटेची घंटा वाजवून पाहिली, मग अहवालाचा कागद पुढे घेतला. हलक्या आवाजात म्हणाल्या, "आकडे मशीननं खाल्ले असं लिहू? तीन महिने तर राहिलेत तुमच्या निवृत्तीला."

"नको. नक्कल कुठे ठेवली होती, तेच लिहा. माझ्या जागी येईल त्याला कळायला हवं."

सही करून ते लॅपटॉप घ्यायला नऊ नंबरपाशी आले. म्हातारीला झोप लागली होती. तिच्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ अजून तसेच होते.